जुन्या सर्किट बोर्डांतून घरच्या घरी सोनं काढावं का?

सोनटक्का:
नमस्कार मंडळी. मला दुरुस्तीची आवड आहे, त्यामुळे जुन्या संगणकांचे बोर्ड, रॅमच्या पट्ट्या, बंद पडलेले फोन, राउटर असा बराच माल साठत गेलाय. टाकवत नाही. हल्ली व्हिडिओंत दाखवतात की पट्ट्यांच्या सोनेरी कडा कापायच्या, तेजाबात टाकायच्या, गाळायचं, मुशीत आटवायचं आणि शेवटी तळहातावर सोन्याचा मणी. दहा मिनिटांत काम फत्ते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलोय, आम्लं हाताळायची भीती वाटत नाही.

प्रश्न दोन आहेत. घरी हे खरंच जमण्यासारखं आहे का, आणि जमलं तर हाती किती लागतं? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. घरी करू नये असं असेल तर मोठे कारखाने वेगळं काय करतात? माल कुणाला तरी देऊन टाकायचा आणि त्यातला धातू शेवटी उकिरड्यातच जायचा, हे मला नकोय. जमिनीतून एवढ्या कष्टाने काढलेली वस्तू पुन्हा वापरात यावी असं मनापासून वाटतं.

तळ्यात_मळ्यात:
बसकण मारली आहे. आमच्या माळ्यावरही हाच खजिना आहे. वाचतोय.

मिलिग्रॅम:
आधी हिशोब करू, मग बाकीचं.

रॅमच्या एका पट्टीला पिढीप्रमाणे २४० किंवा २८८ पिना असतात. दोन्ही बाजूंचं सोनेरी क्षेत्र मिळून साधारण चार चौरस सेंटिमीटर धरा. त्यावरचा मुलामा चांगल्या दर्जाचा असेल तर जाडी ०.७६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सोन्याची घनता १९.३, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड मिलिग्रॅम. एका पट्टीमागे फार तर सहा मिलिग्रॅम. एक ग्रॅम सोन्यासाठी दीडशेहून जास्त पट्ट्या लागतील, तेही थेंबभर वाया न घालवता.

बोर्डावर इतरत्र जी सोनेरी चकाकी दिसते ती याहून कितीतरी पातळ, ०.०५ ते ०.१ मायक्रॉन. तिथे चौरस सेंटिमीटरला एक-दोन दशांश मिलिग्रॅम. डोळ्याला दोन्ही सारखंच सोनं दिसतं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

सोनटक्का:
बापरे! मग व्हिडिओतला मणी एवढा मोठा कसा?

मिलिग्रॅम:
कारण त्यांनी आधीच कापलेल्या कडा किलोच्या हिशोबाने गोळा केलेल्या असतात, किंवा जुने सिरॅमिकचे प्रोसेसर घेतलेले असतात, ज्यांत सोनं सढळ हाताने वापरत. पूर्वी चिपच्या आत जोडणीसाठी केसाहून बारीक सोन्याची तार सर्रास असायची, आता बऱ्याच ठिकाणी तांब्याची असते. माल जितका नवा तितकं सोनं कमी.

आणखी एक मोजमाप देतो. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये २० जुन्या मदरबोर्डांतून सोनं काढलं. ते भरलं ४५० मिलिग्रॅम, आणि शुद्धता २२ कॅरेटच्या आसपास. म्हणजे तज्ज्ञांच्या हातून, नीट प्रयोगशाळेत, एका बोर्डामागे वीसेक मिलिग्रॅम.

कसोटी_काका:
आमचं घराणं सोनारकामातलं. दुकानाच्या जमिनीवरची धूळ, पाटाखालचा केर, हात धुतलेलं पाणी, यांतलं काहीच फेकत नसत. झारेकरी येऊन तो केर घेऊन जात, धूत, चाळत, आटवत आणि त्यातून सोनं काढत. तेव्हा टाकाऊतून सोनं काढणं हे काही संगणकाबरोबर आलेलं नाही.

पण एक फरक लक्षात घ्या. सोनाराच्या केरात सोनं, चांदी, तांबं, थोडं जस्त आणि बाकी माती. कशाने काय सुटतं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. तुमच्या बोर्डात काय काय आहे?

पृथक्करण:
काकांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं. मी धातू शुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

बोर्डात तांबं सगळ्यात जास्त. मग डाखातलं कथिल, जुन्या मालात शिसं, मुलाम्याखाली निकेल, लोखंड, ॲल्युमिनिअम, जस्त, संपर्कबिंदूंत चांदी, छोट्या कपॅसिटरमध्ये पॅलॅडिअम किंवा टँटॅलम. काही कनेक्टरच्या स्प्रिंगा बेरिलिअम मिसळलेल्या तांब्याच्या असतात, त्यांची धूळ फुप्फुसांना अतिशय वाईट. जुन्या रिलेंच्या चांदीच्या संपर्कात कॅडमिअम ऑक्साइड असतं. वरून फायबरग्लास आणि रेझिन, त्यात पेट रोखणारी ब्रोमीनची संयुगं.

आता हे सगळं आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात टाकलं तर काय होतं? सोनं विरघळतं, खरं आहे. पण आम्ल आधी तांबं, निकेल, लोखंड खात बसतं, त्यामुळे सोन्याच्या मानाने आम्ल प्रचंड लागतं. थोडं जरी तांबं न विरघळता उरलं तर द्रावणात गेलेलं सोनं त्याच तांब्यावर पुन्हा येऊन बसतं. कथिलाची तऱ्हा आणखी वेगळी. नायट्रिक आम्लाशी गाठ पडली की त्याचा पांढरा बुळबुळीत लगदा होतो. तो गाळणकागदाची छिद्रं अशी बुजवतो की थेंब पडायला रात्र लागते, आणि सोन्याचा काही भाग त्याच लगद्यात अडकून राहतो. नवशिक्यांचं सोनं बहुतेक वेळा इथेच हरवतं.

समजा इथूनही पार पडलात. द्रावणातून सोनं खाली बसवलं की ते पिवळं दिसत नाही. काचपात्राच्या तळाशी तपकिरी, चिखलासारखी भुकटी असते. अनोळखी माणूस ती घाण समजून ओतून देईल. चमक येते ती आटवल्यावरच.

आणि सगळ्यात शेवटी उरतं ते हिरवट निळं पाणी. तांबं, निकेल, शिसं, आम्ल, सगळं त्यात. हे मोरीत ओतायचं नसतं. त्यातले धातू पुन्हा खाली बसवा, आम्ल उदासीन करा, गाळ वेगळा करा, तो गाळ घातक कचरा म्हणून रीतसर सोपवा. सोनं विरघळवणं हा आमच्या कामाचा लहानसा भाग आहे. दिवस जातो तो बाकीचं सांभाळण्यात, आणि नेमकं तेच व्हिडिओत नसतं.

शुश्रूषा:
पृथक्करण यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी डॉक्टर आहे. नायट्रिक आम्लात धातू टाकला की जो लालसर तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचा धोका असा की त्या वेळी थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, माणूस म्हणतो काही झालं नाही. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि काय हुंगलं ते स्पष्ट सांगा.

दुसरं, शिसं. त्याची धूळ कपड्यांवरून, केसांवरून घरात येते आणि जमिनीवर खेळणाऱ्या मुलांच्या तोंडात जाते. सेनेगलच्या डाकारजवळ थियारोय-सुर-मेर इथे लोक जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं घराच्या आसपासच काढत. २००७-०८ च्या काही महिन्यांत तिथे १८ लहान मुलं दगावली. मोठी माणसं काम करत होती, गेली मुलं. सोनटक्का, घरात लहान मूल असेल तर हा विचारच सोडा, अशी कळकळीची विनंती.

सोनटक्का:
डॉक्टर, घरात पुतणी आहे चार वर्षांची. मुद्दा पोचला.

खटपट्या:
थोडा वेगळा सूर लावतो. मी हे छंद म्हणून करतो. माझ्याकडे धूर खेचणारी बंदिस्त पेटी आहे, काम राहत्या जागेपासून दूर चालतं, आणि उरलेलं पाणी प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जातं. जगभर असे हौशी लोक आहेत आणि त्यांचं एकमेकांना शिकवणं फार काटेकोर असतं. नवीन माणूस आला की आधी टाकाऊ द्रावण कसं निकामी करायचं ते शिकवतात, सोनं नंतर. म्हणून "करूच नका" हे मला पटत नाही. ज्ञान दडवलं की लोक अर्धवट व्हिडिओ बघून करतात, आणि ते जास्त घातक.

पैशासाठी मात्र करू नये, इथे मिलिग्रॅम यांच्याशी शंभर टक्के सहमत. आम्लं, काच, गाळण, पेटी यांचा खर्च सोन्याला केव्हाच ओलांडून जातो.

शुश्रूषा:
खटपट्या, तुमच्यासारखी तयारी असेल तर माझा आक्षेप नाही. माझी भीती गच्चीवर बादली घेऊन बसणाऱ्यांसाठी आहे.

पृथक्करण:
+१. ज्ञान असावंच. मी वर जे लिहिलं तेही त्याच भावनेने.

इतिहासप्रेमी:
थोडं अवांतर. आम्लराजाचा विषय निघालाच आहे म्हणून ही हकिगत.

१९४० च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं. नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोघा जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं सुरक्षित राहावीत म्हणून ठेवलेली होती. जर्मनीतून सोनं बाहेर नेणं हा तेव्हा गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर नावं कोरलेली. सापडली असती तर लाउए यांच्या जिवावर बेतलं असतं. जॉर्ज द हेवेशी यांनी दोन्ही पदकं आम्लराजात विरघळवून टाकली. सैनिकांनी झडती घेतली, पण फळीवरच्या बाटलीतल्या द्रावणाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. युद्धानंतर हेवेशी परतले तेव्हा बाटली जागेवरच होती. त्यातून सोनं परत काढलं आणि नोबेल फाउंडेशनने त्याच सोन्याची पदकं नव्याने घडवून दिली.

तळ्यात_मळ्यात:
अंगावर काटा आला! एका बाटलीत दोन नोबेल.

पृथक्करण:
मला फार आवडणारी हकिगत. यातही आपल्या धाग्याचा मुद्दा आहे. ती पदकं २३ कॅरेट सोन्याची होती. जवळजवळ एकच धातू विरघळला, म्हणून तो तसाच परतही आला. सोनटक्का यांच्या खोक्यात डझनावारी धातू एकमेकांत गुंतलेत. सोनं तेच, आम्ल तेच, पण काम निराळं.

लोहचुंबक:
मी भंगाराच्या धंद्यात आहे, पिढीजात. इथे सगळे आम्लाबद्दल बोलताहेत, पण धातू वेगळा करण्याचं निम्म्याहून जास्त काम आम्लाचा थेंब न वापरता होतं. ते सांगतो.

पहिला चुंबक. लोखंड उचललं गेलं. मग पट्टा पुढे जातो तिथे टोकाच्या रोळात चुंबक वेगाने फिरत असतात. ॲल्युमिनिअमला चुंबक ओढत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे त्यात विद्युतप्रवाह भोवरे घेतात आणि तुकडा पट्ट्यावरून टुणकन उडी मारून लांबच्या कप्प्यात पडतो. प्लास्टिक तिथल्या तिथे खाली पडतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस बघतच राहतो. त्यापुढे घनता. वायरी जाळायच्या नसतात, बारीक कातरायच्या आणि हलत्या तिरक्या टेबलावर खालून हवा सोडायची. तांब्याची घनता ८.९, वरच्या प्लास्टिकची दीडच्या आत. तांब्याचा रवा एका बाजूला, प्लास्टिक दुसऱ्या बाजूला, स्वच्छ. वायर जाळली की पीव्हीसीतलं क्लोरीन आणि तांबं मिळून डायॉक्सिन नावाची अतिविषारी संयुगं तयार होतात, आणि तांबंही काळवंडून दर्जा पडतो. जाळणाऱ्याचं दोन्हीकडून नुकसान.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. वेगळं करायचं ते वितळवण्याआधी. भंगार लोखंडात मोटारीचं तांबं राहिलं आणि ते भट्टीत गेलं, की कुणी माईचा लाल ते परवडेल अशा रीतीने बाहेर काढू शकत नाही. पोलादाच्या भट्टीत प्राणवायू फुंकून नको ते जाळून मळीत काढतात. पण तांबं लोखंडापेक्षा कमी क्रियाशील, आधी लोखंड जळेल, तांबं तसंच राहील. दर फेऱ्याला ते साठत जातं, आणि ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की लाटताना पोलादाला तडे जातात. याउलट जस्ताचं बघा. मुलामा दिलेले पत्रे भट्टीत टाकले की जस्त ९०७ अंशांना उकळून उडून जातं, भट्टीच्या धुळीत सापडतं आणि त्या धुळीतून परत मिळतं. कोणता धातू कुणाच्या सोबत गेला तर सुटेल आणि कुणाच्या सोबत कायमचा अडकेल, हे ज्याला कळलं त्याला हा धंदा कळला.

म्हणून आमच्याकडे मोटारीतून तांब्याचं गुंडाळं हाताने उपसणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

कसोटी_काका:
लोहचुंबक, जियो! "वेगळं करायचं ते वितळवण्याआधी", हे आमचे वडील डाख लागलेल्या दागिन्यांबद्दल म्हणत. आधी डाखाचा भाग कापून काढायचा, मग मुशीत.

सोनटक्का:
हे सगळंच माझ्यासाठी नवीन आहे. मग बोर्डांचं काय? ते तर हाताने इतके सुटे होणार नाहीत.

पृथक्करण:
बरोबर, आणि इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं.

मोठे कारखाने बोर्ड आम्लात घालत नाहीत, तांब्याच्या भट्टीत घालतात. स्वीडनमधलं रॉन्स्कार, बेल्जिअममधलं होबोकेन, जपानमधलं कोसाका ही या कामाची नावाजलेली ठिकाणं. बाराशे अंशांच्या आसपास सगळं वितळतं, बोर्डातलं प्लास्टिक इंधनाचं काम करतं, काच आणि ॲल्युमिनिअम धातुमळीत तरंगतात. आणि वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलॅडिअम स्वतःत गोळा करून घेतं. वर ज्या गोष्टीला आपण दुखणं म्हटलं, धातूंचं एकमेकांत मिसळणं, तिचाच इथे उपयोग करतात. निघणारा वायू पुन्हा तापवून झटकन थंड करतात, म्हणजे डायॉक्सिन जमायला वेळच मिळत नाही. उघड्यावर जाळण्यात आणि यात हाच जमीन-अस्मानाचा फरक.

मग त्या तांब्याच्या जाड पाट्या ओततात आणि विद्युत अपघटनाच्या टाकीत धनाग्र म्हणून टांगतात. तांबं विरघळून समोरच्या ऋणाग्रावर ९९.९९ टक्के शुद्ध होऊन बसतं. निकेल द्रावणात राहतं, तिथून वेगळं काढतात. सोनं, चांदी, प्लॅटिनमच्या गटातले धातू, सेलेनिअम, टेल्युरिअम यांतलं काहीच विरघळत नाही, ते टाकीच्या तळाशी गाळ होऊन बसतं. करड्या-काळ्या रंगाचा, अगदीच सामान्य दिसणारा गाळ. कारखान्याची खरी तिजोरी तीच.

आणि सोन्याहून अवघड काम कोणतं सांगू? नमुना घेणं. एक टन बोर्ड आले, त्यात सोनं किती हे दोघांना मान्य कसं व्हायचं? एक पट्टी उचलून चालणार नाही. सगळा लॉट दळायचा, पुनःपुन्हा वाटे करत शेवटी मूठभर भुकटी उरेल ती तपासायची. विकणारा आणि घेणारा यांच्यातली भांडणं सगळी याच मुठीवरून होतात.

मिलिग्रॅम:
खाणीशी तुलना करायची तर आकडे बोलके आहेत. बॅटरी काढलेल्या एक टन जुन्या फोनांत साधारण ३४० ग्रॅम सोनं, साडेतीन किलो चांदी, १४० ग्रॅम पॅलॅडिअम आणि १३० किलो तांबं मिळतं असं होबोकेनच्या कारखान्याशी संबंधित मोजमापांत दिलेलं आहे. सोन्याच्या खाणीत टनाला एक ते पाच ग्रॅम असलं तरी खाण चालते. पण खाणीतला दगड एका जागी असतो. एक टन फोन म्हणजे दहा-बारा हजार फोन, दहा-बारा हजार घरांच्या खणांत पडलेले. अडचण गोळा करण्याची आहे.

टोकियोच्या २०२० च्या ऑलिंपिकसाठी लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून पदकं घडवली. दोन वर्षं गोळा केलेल्या सुमारे ७९ हजार टन उपकरणांतून, त्यात ६२ लाख फोन, ३२ किलो सोनं आणि साडेतीन टन चांदी निघाली. सुमारे पाच हजार पदकं त्यातूनच झाली.

तळ्यात_मळ्यात:
म्हणजे आपल्या खणातला फोन ऑलिंपिकला जाऊ शकतो, आपण नाही गेलो तरी! :)

नाकावर_रुमाल:
अवांतर, पण विषयाला धरून. सोनं गटारातही जातं. स्वित्झर्लंडच्या सांडपाण्यातून वर्षाला ४३ किलो सोनं आणि तीन टन चांदी वाहून जाते असं तिथल्या इआवाग या जलसंशोधन संस्थेने २०१७ मध्ये मोजलं. जपानमध्ये सुवा इथे सांडपाण्याचा गाळ जाळल्यावर उरलेल्या राखेत टनामागे १,८९० ग्रॅम सोनं सापडल्याची बातमी २००९ ची. आसपास नाजूक यंत्रांचे कारखाने, तिथून मुलाम्याचं सोनं धुऊन येत असावं असं मानतात.

कसोटी_काका:
हात धुतलेलं पाणी फेकू नये हे आम्ही उगाच म्हणत नव्हतो!

दुर्मीळ_मृदा:
मंडळी, चर्चा सुरेख चालली आहे, पण मला एक खंत मांडायची आहे. सगळं लक्ष सोन्यावर आहे. सोनं कुणीतरी काढणारच, त्याला मोल आहे. जे कुणी काढत नाही त्याचं काय?

पृथक्करण यांनी भट्टी सांगितली. त्या भट्टीत टँटॅलम कुठे जातं? मळीत. हार्ड डिस्कच्या चुंबकातलं निओडिमिअम? मळीत. बॅटरी चुकून गेली तर तिच्यातलं लिथिअम? तेही बहुतेक मळीतच. ती मळी रस्त्याखाली भर म्हणून जाते आणि तो धातू आपल्यापुरता संपला. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. आणि निओडिमिअमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंच्या मागणीपैकी ई-कचऱ्यातून भागते ती जेमतेम १ टक्का. पवनचक्क्यांना आणि विजेच्या गाड्यांच्या मोटारींना हेच धातू लागतात.

यावर भट्टी हा उपाय नाही. चुंबक भट्टीआधी हाताने काढावा लागतो. तो चिकटवलेला असतो, स्क्रू लपवलेले असतात. वस्तू घडवणाऱ्यांनी ती उघडता येईल अशी घडवली, तरच पुढचं सगळं शक्य आहे.

लोहचुंबक:
दुर्मीळ_मृदा, तुमच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. पूर्वीचा संगणक स्क्रू काढले की उघडायचा. आताचा फोन उघडायला गरम करा, ओढा, पातं घाला, आणि त्यात बॅटरीला भोक पडलं तर आग.

खटपट्या:
मग सरळ सगळं यंत्राने तुकडे करून सेन्सरने वेगळं का करत नाहीत? हल्ली क्ष-किरणांनी, लेझरने तुकड्यातला धातू ओळखणारी यंत्रं आहेत.

दुर्मीळ_मृदा:
मोठ्या तुकड्यांना ती उत्तम, खास करून ॲल्युमिनिअमच्या जाती वेगळ्या करायला. पण सोनं मायक्रॉनभर जाडीचं. दळताना ते धुळीत जातं, प्लास्टिकला चिकटतं, लोखंडाबरोबर जातं. जर्मनीतल्या एका कारखान्यात उपकरणांचे तुकडे करून वेगळं करण्याच्या टप्प्याचं मोजमाप झालं होतं, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. सोन्यापैकी जेमतेम पाव भाग ते परत मिळू शकेल अशा कप्प्यात पोचला, चांदी तर १२ टक्क्यांच्या आतच. बाकी सगळं चुकीच्या ढिगात. तुकडे करण्याआधी हाताने बोर्ड काढून घेतला असता तर हे टळलं असतं.

म्हणून मला वाटतं सुटं करण्याचं काम माणसाच्या हातांनी व्हावं, चांगल्या हवेत, हातमोजे-मुखपट्टी घालून, रास्त मजुरी देऊन. आणि शेवटचं रसायन फक्त मोठ्या, धूर अडवणाऱ्या कारखान्यात. चीनमधलं ग्वियू किंवा घानामधलं आग्बोग्ब्लोशी इथे लोकांनी उघड्यावर जाळलं, आम्लात बुडवलं, आणि माती-पाणी-रक्त सगळ्यात शिसं गेलं. त्या माणसांच्या हातात कसब होतं. त्यांच्यावर आम्ल आणि आग सोपवायला नको होती.

शुश्रूषा:
शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. काम काढून घेऊ नका, विष काढून घ्या.

सूक्ष्मजीवी:
जीवाणूंचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. असिडिथिओबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जीवाणू खनिजातलं तांबं सोडवायला खाणीत प्रत्यक्ष वापरतात, बोर्डातलं तांबंही तो सोडवतो. क्रोमोबॅक्टेरिअम व्हायोलेसिअम स्वतः थोडं सायनाइड बनवतो आणि त्यात सोनं विरघळतं. अडचण वेळेची. आम्लाला तास लागतात तिथे यांना दिवस, आणि बोर्डातले इतर धातू त्यांनाच विषारी. तरी उष्णता लागत नाही, म्हणून मला यातून आशा वाटते.

मिलिग्रॅम यांनी सांगितलेल्या झुरिकच्या प्रयोगात सोनं पकडायला वापरलेला स्पंज चीज बनवताना उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांचा होता. एका उद्योगाच्या टाकाऊने दुसऱ्याचं टाकाऊ स्वच्छ केलं. मला तर हे वाचून दिवसभर आनंद झाला होता.

सोनटक्का:
सगळ्यांचे मनापासून आभार. आम्लाचा बेत रद्द. माल एकत्र न देता नीट वेगळा करून, प्रक्रियेचा परवाना असलेल्या ठिकाणीच द्यायचा असं ठरवलंय. आता नेमकं सांगा. पट्ट्यांच्या सोनेरी कडा कापून ठेवू का? आणि फोनच्या बॅटऱ्या, त्यांतल्या काही फुगल्या आहेत, त्यांचं काय करू?

पृथक्करण:
कडा कापू नका. कापताना मुलामा भुकटी होऊन उडतो, फायबरग्लासची धूळ छातीत जाते, आणि उरलेल्या पट्टीतल्या चिपांत व कपॅसिटरमध्ये जे सोनं-पॅलॅडिअम आहे त्याचा गठ्ठा हलका ठरून कमी प्रतीच्या ढिगात पडतो. पट्ट्या अख्ख्या ठेवा, एका खोक्यात फक्त पट्ट्या. मदरबोर्ड दुसऱ्या खोक्यात. वीजपुरवठ्याचे पिवळसर-तपकिरी बोर्ड तिसऱ्यात, त्यात मौल्यवान धातू नगण्य, ते चांगल्या मालात मिसळले की सगळ्याच लॉटची प्रत उतरते. मदरबोर्डावरचे ॲल्युमिनिअमचे थंडावा देणारे ठोकळे आणि लोखंडी पट्ट्या स्क्रूने काढता येत असतील तर काढा, भट्टीत ते ॲल्युमिनिअम फुकट जातं.

लोहचुंबक:
बॅटऱ्यांचं मी सांगतो. ज्या फोनची बॅटरी बोटाने निघते तिचीच काढा. चिकटवलेली असेल तर फोन अख्खा द्या आणि आत बॅटरी आहे असं वर ठळक लिहा. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे एकमेकींना लागून ठिणगी पडणार नाही. फुगलेल्यांना दाबू नका, टोचू नका, चार्ज तर अजिबात करू नका. धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत वेगवेगळ्या ठेवा, डब्याचं झाकण गच्च लावू नका, डबा घराबाहेर सावलीत. आणि जास्त दिवस ठेवू नका, सगळ्यात आधी त्याच देऊन टाका.

दुर्मीळ_मृदा:
चांगल्या ठिकाणी गेल्या तर त्यांची काळी भुकटी करून कोबाल्ट, निकेल, लिथिअम काढतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार २०२७ च्या अखेरीपर्यंत तिथे टाकाऊ बॅटऱ्यांतलं निम्मं लिथिअम आणि ९० टक्के कोबाल्ट, निकेल, तांबं परत मिळवणं बंधनकारक होतंय, २०३१ अखेर लिथिअम ८० टक्के. नियम असला की तंत्र येतं.

आणि हार्ड डिस्क असतील तर त्यांचं वेगळं खोकं करा. माहिती पुसून घ्या, पण हातोडीने ठेचू नका. आतला चुंबक शाबूत राहिला तर कुणीतरी तो काढू शकेल.

सोनटक्का:
हार्ड डिस्क आहेत, बऱ्याच आहेत. चौथं खोकं आणतो. वीजपुरवठ्याच्या बोर्डांना वायरींचे गुंडे लागलेत, ते कापून वेगळे ठेवू ना?

लोहचुंबक:
हो, वायरी मुळाशी कापा. बोर्ड आधी आठवडाभर तरी प्लगपासून सुटा पडलेला हवा, त्यावरच्या मोठ्या कपॅसिटरच्या पायांना बोट लावू नका. तांब्याच्या वायरी एकत्र, चपट्या राखाडी पट्टीसारख्या वायरी वेगळ्या, त्यांत तांबं कमी असतं.